आठ वाजताचा फोन

"कोणाच्या परवानगीने?" क्रेग डेलवर्थने विचारलं आणि डार्ला केटोलाच्या डोक्यात तिडीक गेली.

सव्वीस वर्षं ती शेरिफच्या कचेरीतल्या नियंत्रण कक्षात खुर्चीवर बसून होती. अपघात, आगी, हरवलेली पोरं, बर्फात रुतलेल्या गाड्या, सगळ्यांचे फोन तिनेच घेतले होते. त्यातल्या एकानेही कधी परवानगीचा विषय काढला नव्हता. आणि हा डेलवर्थ आठ महिन्यांपूर्वी दक्षिणेकडून काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कारभार बघायला आलेला. अजून त्याला बर्फात चालायचे बूट घ्यायचं सुचलं नव्हतं. तो टेबलापलीकडे कागद धरून तिला जाब विचारत होता!

कागद कॉम्प्युटर तपासणाऱ्या कंपनीचा होता. त्यात लिहिलं होतं की नियंत्रण कक्षातल्या एका कॉम्प्युटरवर रोज सकाळी आठला पाच कमी असताना एक प्रोग्राम आपोआप सुरू होतो. तो कोणालाही विचारत नाही, सर्वोच्च अधिकार घेऊन चालतो, आणि हे सगळं मिसेस केटोला यांच्या नावाने आणि त्यांच्या पासवर्डवर चालू आहे.

"आठ वर्षं चालू आहे," डार्ला म्हणाली. "तो काय करतो, तेही लिहिलंय का त्यात?"

"तो प्रश्न नाहीये."

"तोच तर प्रश्न आहे!"

तो प्रोग्राम फोन लावायचा. काउंटीत एकट्या राहणाऱ्या तेवीस म्हाताऱ्यांच्या घरी बरोबर आठ वाजता घंटी वाजायची आणि डार्लाचा आवाज यायचा. 'सुप्रभात, मी डार्ला. उठलात ना?' आवाज भरून ठेवलेला, तोच रोज. पलीकडून फोन उचलला की झालं काम. नाही उचलला, तर चार मिनिटांनी पुन्हा, मग आणखी एकदा, आणि तरीही नाही तर पडद्यावर लाल ओळ. लाल ओळ आली की शेरिफची गाडी निघालीच. साडेनऊच्या आत दारात माणूस. एवढ्या एका घंटीच्या जोरावर ही तेवीस माणसं स्वतःच्या घरात, स्वतःच्या शेगडीपाशी राहत होती. नाहीतर त्यांच्या पोरांनी त्यांना कधीच उचलून वृद्धाश्रमात टाकलं असतं.

प्रोग्राम जुना होता. आठ वर्षांपूर्वी कॉम्प्युटर नवे आले, तेव्हापासून तो सुरू करायला गेलं की पडद्यावर एक चौकट यायची: या प्रोग्रामला या कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? हो, की नाही? कोणीतरी येऊन 'हो' दाबेपर्यंत सगळं ठप्प. मग एका सकाळी महामार्गावर ओंडक्यांचा ट्रक उलटला. कक्षातले दोघेही कानाला फोन लावून बसलेले, आणि ती चौकट साडेअकरापर्यंत तशीच वाट बघत राहिली. त्या दिवशी हिल्मा सार्वेला तळघराच्या पायरीवर पडलेली दुपारी सापडली. वाचली बिचारी, पण डार्लाला त्यानंतर महिनाभर नीट जेवण गेलं नाही. तिने तेव्हाच्या कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. त्याने तिला शेजारी बसवून दाखवलं, कॉम्प्युटरच्या वेळापत्रकात प्रोग्रामचं नाव घाल, वेळ घाल, 'पूर्ण अधिकाराने चालव' यावर खूण कर, आणि तुझं नाव-पासवर्ड दे. झालं. चौकट पुन्हा कधी आली नाही. दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायची सक्ती होती. बदलला की त्याच दिवशी वेळापत्रकातही नवा घालायचा, हा डार्लाचा नेम. आठ वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

हे सगळं तिने डेलवर्थला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, म्हणजे तिचं तोंड बंद व्हायची वाट बघितली.

"रोज सकाळी एक बटण दाबायला असे काय कष्ट पडतात, मिसेस केटोला?"

"ट्रक उलटलेला असतो तेव्हा पडतात."

"ती चौकट सुरक्षेसाठी असते. तुम्ही ती परस्पर काढून टाकलीत. उद्या दुसरं कोणी आत घुसलं असतं तर?"

तसं बघितलं तर तो अगदीच खोटं बोलत नव्हता, आणि म्हणून डार्लाला जास्त राग आला. "मग काउंटीच्या नावाने लावून द्या ना! मी तीनदा अर्ज केलाय. तुमच्याच टेबलावर असतील."

अर्जांचं त्याला माहीत नव्हतं. तिचं खातं आजच बंद होईल, असं त्याने सांगितलं. आठवडाभर घरी बसायचं, पुढच्या बुधवारी चौकशी, तोवर कचेरीतल्या कोणाशी संपर्क नाही.

डार्ला उठली. दाराशी थांबली. "माझं खातं बंद केलंत की उद्याचे आठचे फोन जाणार नाहीत. ऐकताय ना?"

"ते बघितलं जाईल."

"कोण बघणार?"

"ते बघितलं जाईल, मिसेस केटोला."

बघितलं जाईल! कोण बघणार, केव्हा बघणार, त्याचा पत्ता नाही. अशी वाक्यं ज्याने शोधून काढली त्याला एक हिवाळा ह्या भागात एकटं ठेवायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, सकाळी आठला डार्ला स्वयंपाकघरात कॉफीचा कप धरून उभी होती. हात फोनकडे जात होता. रेनेला विचारावं, गेले का फोन? सकाळच्या पाळीवर रेने असायची, दहा वर्षांपासूनची सोबतीण. पण संपर्क नाही म्हणजे नाही, हे लेखी दिलं होतं. आणि खरं सांगायचं तर, नियमापेक्षा तिचा ताठाच आडवा आला. आपण दारात उभं राहून सांगितलं, आपलं कोणी ऐकलं नाही. आता का म्हणून आपण मागे लागायचं? बघा म्हणावं तुमचं तुम्ही. तिने फावडं घेतलं आणि छतावरचा बर्फ असा काही ओरबाडून काढला की शेजारचा माणूस खिडकीत येऊन बघत राहिला. गुरुवारीही तेच केलं. छतावर बर्फ उरला नव्हता, मग तिने अंगणातला काढला.

शुक्रवारी अकराच्या सुमाराला दारात गाडी थांबली. एल्मा रुओना. वय चौऱ्याऐंशी, अजून स्वतः गाडी चालवते, आणि रस्त्याच्या मधोमध चालवते. हातात फडक्यात गुंडाळलेला निसू, फिनिश गोड पाव. वेलदोड्याचा वास तिच्याआधी आत आला.

"अगं, तू तर उभी आहेस!" एल्मा म्हणाली. "आम्हाला वाटलं, अंथरुणाला खिळलीस."

"कोण म्हणालं?"

"कोणी कशाला म्हणायला पाहिजे? तीन दिवस तुझा आवाज नाही. परवा नाही, काल नाही, आज नाही. काल चर्चमध्ये बायकांत विषय निघाला, कोणालाच फोन आलेला नाही. म्हटलं पोरगी आजारी असणार, पाव तरी देऊन यावं."

डार्ला ओरडलीच. "तीन दिवस! आणि कोणी कचेरीत कळवलं नाहीत?"

"छे गं," एल्मा म्हणाली, जणू डार्लाने काही भलतंच विचारलं होतं. "त्यांना काय कमी कामं असतात? आम्ही ठीकच होतो. कशाला उगाच त्रास द्यायचा कोणाला?"

ह्या माणसांचं हे असंच. पाय मोडला तरी डॉक्टरला म्हणतील, तुम्हाला वेळ असेल तेव्हा बघा. डार्लाची आजी अशीच होती, आणि डार्लाला ते माहीत होतं. घंटी वाजली नाही तर हे तेवीस जण तक्रार करणार नाहीत, गप्प बसून राहतील, हे तिला सगळ्या काउंटीत सगळ्यांत चांगलं माहीत होतं. आणि तरीही ती तीन दिवस फावडं मारत बसली होती.

"एल्मा, पेन घ्या. बसा इथे."

यादी कचेरीत होती, पण डार्लाला यादीची गरज नव्हती. ह्या भागात सगळ्यांच्या नंबरांचे पहिले तीन आकडे सारखेच, लोक एकमेकांना शेवटचे चारच सांगतात, आणि चार-चार आकड्यांचे तेवीस नंबर डोक्यात ठेवायला डार्लाला काही जड नव्हतं. ती एकेक फोन लावत गेली आणि एल्मा हाताशी सापडलेल्या कागदावर नावं लिहून खुणा करत गेली. "हो हो, उठलेय." "अगं तू खरी बोलतेयस की तो भरलेला आवाज?" "बरी आहेस ना? आम्हाला वाटलं…" प्रत्येक जण तिचीच चौकशी करत होता. अठरा झाले. वीस. एकवीस. बाविसाव्या खुणेला एल्माने स्वतःचंच नाव लिहिलं.

वाइनो लाम्पिनेन फोन उचलत नव्हता.

वाइनो अठ्ठ्याऐंशी वर्षांचा. जुन्या खाणीच्या रस्त्याला, गावापासून बारा मैलांवर, शेवटचं घर. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली. रोज आठला तो फोन उचलायचा, भरलेला आवाज ऐकायचा आणि त्या आवाजाला उत्तर द्यायचा: "अजून आहे." दुसरीकडे ऐकायला कोणी नाही, हे त्याला माहीत होतं. तरी म्हणायचा. प्रोग्राम ते साठवून ठेवायचा आणि डार्ला कधीमधी काम कमी असलं की ऐकायची.

तिने कचेरीत फोन लावला. संपर्कबंदी गेली खड्ड्यात. "रेने, वाइनोकडे गाडी पाठव. आत्ता."

"डार्ला? देवा, मी तुला फोन करणार होते, पण…"

"गाडी!"

"गाडी चाळीस मिनिटं लांब आहे."

"मग मी निघते. पाठव तरी."

एल्माने कोट घातलाच होता. वाइनोच्या आवारात शिरल्यावर डार्लाने आधी धुराडं बघितलं. धूर नव्हता. मग बर्फ बघितला. दारापासून लाकडाच्या ढिगापर्यंत पाऊलवाट असायची, ती ताज्या बर्फाखाली बुजली होती. दार कधी लावलेलं नसायचंच. कुलूप लावणं म्हणजे शेजाऱ्यांचा अपमान, असं मानणारा माणूस तो.

तो स्वयंपाकघरात शेगडी आणि टेबल यांच्यामध्ये पडला होता. अंगावर जमिनीवरची चिंध्यांची सतरंजी ओढून घेतलेली, शेजारी मांजराची दुधाची वाटी, कोरडी. भिंतीवरचा छोटा गॅसचा हीटर मंद चालू होता, तेवढ्यावर जीव राहिला होता. एक पाय जसा असू नये तसा वळलेला. डोळे उघडे होते.

"वाइनो!"

त्याने तिच्याकडे बघितलं. ओठ फुटलेले. शब्द जुळवायला त्याला बराच वेळ लागला.

"आज उशीर केलास," तो म्हणाला.

एल्माने चमच्याने पाणी पाजलं. डार्ला त्याच्या डोक्याखाली कोट घालून जमिनीवरच बसली. तो तुकड्यातुकड्यांनी सांगत राहिला. काल सकाळी सातला पडलो. फोन भिंतीवर, हात पोचेना. पण मी घाबरलो नाही. घड्याळ समोरच होतं. म्हटलं, एक तास काढायचा. आठला घंटी होईल, मी उचलणार नाही, आणि साडेनऊला तुमची गाडी येईल. काढला एक तास.

"परवाही वाजला नव्हता. वाटलं, बर्फाने तार तुटली असेल. काल मात्र वाजेल, असं धरून चाललो होतो." त्याने डोळे मिटले. "आठ वाजले. मग साडेआठ झाले. मग आज पुन्हा आठ वाजले. घंटीच नाही गं, डार्ला."

डार्लाला त्या क्षणी डेलवर्थ समोर हवा होता, त्याच्या पातळ बुटांसकट. आणि एक आरसाही हवा होता, कारण दोन थोबाडीत द्यायच्या होत्या.

काय झालं ते रेनेने नंतर दवाखान्याच्या व्हरांड्यात सांगितलं. तिचे डोळे रडून सुजले होते. डार्लाचं खातं बंद झालं तशी वेळापत्रकातली ती नोंदही थंडावली. कोणीतरी हाताने प्रोग्राम सुरू करावा, असा हुकूम निघाला. रेने सुरू करायला गेली तर पुन्हा ती चौकट. आणि आता चौकट नुसतं 'हो' मागत नव्हती, वरच्या अधिकाऱ्याचा पासवर्ड मागत होती. तो कक्षात कोणालाच दिलेला नव्हता.

"मी बुधवारी सात पन्नासला त्या कंपनीला विनंती पाठवली," रेने म्हणाली. "उत्तर लगेच आलं. तुमची विनंती मिळाली, तीन कामकाजाच्या दिवसांत संपर्क करू. गुरुवारी पुन्हा पाठवली. तेच उत्तर, पण म्हणे आता काम सुरू आहे! डेलवर्थला विचारलं, तर तो म्हणाला, सुरू आहे ना मग?"

"यादी बघून हाताने लावायचेस की फोन!"

"यादी त्या प्रोग्रामच्या पोटात आहे, डार्ला! उघडल्याशिवाय दिसत नाही. आणि तुला फोन करायची मला बंदी. लेखी." रेनेने नाक पुसलं. "मी तरी करायला हवा होता. केला नाही."

"मीही नाही केला," डार्ला म्हणाली.

वाइनोचा खुबा मोडला होता. शस्त्रक्रिया झाली, जगला. पण घरी नाही गेला. पन्नास मैलांवरच्या वृद्धाश्रमात त्याला हलवलं, खिडकी वाहनतळावर उघडणाऱ्या खोलीत. मांजर एल्माने नेलं. घरचा फोन तोडायचा का, असं कोणी विचारलं तेव्हा मात्र त्याने ठाम नाही म्हटलं. मी परत जाणार आहे, म्हणाला. डॉक्टरने विषय बदलला.

पुढच्या बुधवारी चौकशी झाली. शेरिफ होता, रेने होती, काउंटीचा वकील होता, आणि डेलवर्थ होता. त्याचा चेहरा उतरलेला होता, हे डार्लाने बघितलं. तिला वाटलं, आता हा माणूस माणसासारखं काहीतरी बोलेल.

तो म्हणाला, "झाला तो प्रकार दुर्दैवी आहे. संवादात त्रुटी राहिल्या."

"कोणाकडून राहिल्या?" डार्ला म्हणाली.

त्याने कागद चाळले. आठचे फोन सोमवारपासून पुन्हा सुरू झाले होते. कंपनीने ते काउंटीच्या नावाने लावून दिले होते. आपोआप, पूर्ण अधिकारासह, चौकटीशिवाय. म्हणजे डार्लाने आठ वर्षांपूर्वी जे केलं होतं तेच, अक्षर न् अक्षर तेच. मात्र तिने ते विनापरवानगी केलं असल्याने लेखी ताकीद तिच्या नोंदीत कायम राहील. इथे सही करावी. आणि असे घोळ पुन्हा होऊ नयेत म्हणून आपण स्वतः एक पद्धत आखली आहे, हे सांगताना त्याच्या आवाजात जरा जोर आला: स्वयंचलित कामासाठी परवानगी अर्ज, दोन पानी. कोणीही भरू शकतो. पूर्ण भरलेला असेल तर त्याच दिवशी सही मिळेल.

"त्याच दिवशी?" डार्लाने विचारलं.

"त्याच दिवशी. माझा शब्द."

शेरिफ तिच्याकडे बघत होता. ओरडेल, ताकीद फाडून तोंडावर फेकेल, असं त्याला वाटत असावं. तिलाही तसंच वाटत होतं. पण तिने ताकीद बाजूला सारली, सही न करता. "आधी मला तो अर्ज द्या," ती म्हणाली.

तिने तिथेच बसून भरला. कामाचं नाव: न उचललेल्या फोनची सूचना. वेळ: रोज सकाळी आठ दहा. कारण: चौकशीत उघड झालेल्या त्रुटी. सूचना कोणत्या कॉम्प्युटरवर: जबाबदार अधिकाऱ्याच्या. जबाबदार अधिकाऱ्याचं नाव त्या अर्जावर छापलेलंच होतं, डेलवर्थने स्वतः छापून घेतलेलं. मुदत: संबंधित व्यक्ती घरी परत येईपर्यंत. एकही रकाना तिने मोकळा सोडला नाही. डेलवर्थने रकाने तपासले, दोन्ही पानांवर सही केली, तारीख घातली आणि शिक्का मारला. शेरिफने अर्ज हातात घेऊन वाचला. वाचताना त्याची भुवई वर गेली, पण त्याने तो तसाच परत सरकवला. अर्ज त्याच दुपारी कंपनीला गेला. शिक्का होता, त्यांनी लावून दिलं.

गुरुवारी डार्ला आपल्या खुर्चीवर होती. आठला फोन गेले. बावीस उचलले गेले. तेविसावी घंटी खाणीच्या रस्त्याच्या शेवटच्या घरात, थंड शेगडीशेजारी, तीनदा वाजली. पडद्यावर लाल ओळ आली. डार्लाने ती पुसली नाही.

आठ वाजून बारा मिनिटांनी वरच्या मजल्यावरून फोन आला.

"मिसेस केटोला, माझ्या पडद्यावर काहीतरी उघडलंय. बंदच होत नाही."

"काय लिहिलंय?"

त्याने वाचून दाखवलं. "वाइनो लाम्पिनेन फोन उचलत नाहीत. तुम्हाला माहीत आहे का? हो, की नाही." तो थांबला. "मी 'नाही' दाबलं तर पुन्हा येतंय."

"येणारच. 'हो' दाबा, म्हणजे जाईल."

"हे कोणाच्या…" तो म्हणाला आणि गप्प झाला.

"तुमची सही आहे त्यावर," डार्ला म्हणाली. "दोन्ही पानांवर."

रेनेने आपलं काम थांबवून मान वळवली होती.

"हे रोज येणार?"

"रोज. ते घरी येईपर्यंत." डार्लाने खुर्ची पुढे ओढली, दुसरा फोन वाजायला लागला होता. "सकाळी एक बटण दाबायला असे काय कष्ट पडतात, मिस्टर डेलवर्थ?"